टपालाची थैली कुणाच्या खांद्यावर?

आजच्या मुलांना पत्राची वाट पाहणे ठाऊक नाही. आपल्या मागच्या पिढीला विचारा. वस्तीच्या तोंडाशी पोस्टमनची सायकल दिसली की म्हातारी माणसे ओट्यावरून उठून उभी राहत. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेलेल्या लेकाची मनिऑर्डर आली की त्या दिवशी घरात गोडधोड होई. आणि तार आली म्हटले की ती वाचायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावत. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. पत्रही आता दुर्मीळ झाले.

पण पत्र नेणारा माणूस कोण असावा, कोणत्या रंगाचा असावा, याचा एका बलाढ्य देशाने चक्क कायदा केला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. तो देश म्हणजे अमेरिका. स्वातंत्र्य आणि समतेचा जाहीरनामा काढून जन्माला आलेला देश! त्या कायद्याची, त्या काळच्या घोड्यावरच्या टपालाची आणि त्या टपालाची थैली अखेर स्वतःच्या खांद्यावर घेणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईची हकिगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आयाबहिणींनी ती मुलांना जरूर वाचून दाखवावी.

टप्प्याटप्प्याची गाडी

इंग्रजी सिनेमात आपण सर्वांनी ती गाडी पाहिलेली आहे. चार किंवा सहा घोडे, धुळीचे लोट, टपावर बंदूकधारी माणूस आणि मागून पाठलाग. या गाडीला स्टेजकोच म्हणत. स्टेज म्हणजे टप्पा. एका टप्प्यावर घोडे दमले की ठाण्यावर ते सोडायचे, ताजे जोडायचे आणि पुढे निघायचे. आपल्याकडेही पूर्वी डाकचौक्यांवर हरकारे असेच बदलत. युक्ती जुनी, पण अमेरिकेने ती अफाट अंतरावर वापरली.

त्याला कारण घडले सोन्याचे. १८४८ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि माणसांचे लोंढे तिकडे धावले. १८५० साली कॅलिफोर्निया अमेरिकेचे राज्य झाले. पण राजधानी वॉशिंग्टन पूर्वेला आणि हे राज्य पश्चिमेला! मध्ये वाळवंट, पर्वत आणि हजारो मैलांचा निर्मनुष्य वाटणारा मुलूख. टपाल बोटीने पनामापर्यंत, तिथून जमिनीवरून पलीकडच्या समुद्रावर आणि पुन्हा बोटीने वर, असा वळसा घालून जाई.

म्हणून १८५७ साली सरकारने जॉन बटरफिल्ड या गाडीवाल्या व्यावसायिकाशी करार केला. वर्षाला सहा लाख डॉलर घ्या आणि आठवड्यातून दोनदा, पंचवीस दिवसांच्या आत टपाल जमिनीवरून पोचवा. मिसुरी राज्यातून निघून टेक्सास, अ‍ॅरिझोनावरून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हा रस्ता सुमारे २८०० मैलांचा होता. म्हणजे साडेचार हजार किलोमीटर! सप्टेंबर १८५८ मध्ये पहिली गाडी निघाली. थेट शेवटपर्यंत जाणारा प्रवासी एकच होता, ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या पत्राचा वार्ताहर वॉटरमन ऑर्म्सबी. चोविसाव्या दिवशी तो सॅन फ्रान्सिस्कोत पोचला. रात्रंदिवस गाडी चालूच होती. झोप लागली तर बसल्या जागी.

तिकीट होते दोनशे डॉलर. एवढे पैसे भरून काय मिळे? न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉन्कर्ड गावी बनणाऱ्या नामांकित गाड्यांचा सांगाडा लोखंडी कमानींवर नसे, जाड चामड्याच्या पट्ट्यांवर तो टांगलेला असे. त्यामुळे धक्के थोडे कमी बसत, पण गाडी पाळण्यासारखी झुले आणि पुष्कळांना ओकाऱ्या होत. आत तीन बाकांवर नऊ माणसे. मधल्या बाकाला टेकायला पाठ नाही, फक्त एक चामडी पट्टा. समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले. ठाण्यावर जेवण म्हणजे खारवलेले मांस, घेवडा, कडक पाव आणि कडू कॉफी. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन १८६१ साली आपल्या भावाबरोबर अशाच गाडीने मिसुरीहून नेवाडाला गेले. गाडीत टपालाच्या थैल्या इतक्या भरल्या होत्या की त्यांवरच त्यांनी अंथरूण केले. पुढे १८७२ साली त्यांनी या प्रवासावर गाजलेले पुस्तक लिहिले.

दहा दिवसांत दोन हजार मैल

पंचवीस दिवसही लोकांना जास्त वाटू लागले. तेव्हा रसेल, मेजर्स आणि वॉडेल या तिघा भागीदारांनी ३ एप्रिल १८६० रोजी ‘पोनी एक्स्प्रेस’ सुरू केली. गाडी नाही, प्रवासी नाहीत. नुसता घोडा आणि स्वार. मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत जवळपास दोन हजार मैलांचे अंतर दहा दिवसांत कापायचे! दर दहा-पंधरा मैलांवर ताजा घोडा, दर पाऊणशे-शंभर मैलांवर ताजा स्वार. स्वार अंगाने हलके असत आणि पुष्कळ जण विशीच्या आसपासचे होते.

टपालाची थैलीही खास होती. खोगिरावर पसरायचे एक चामडी आच्छादन आणि त्याला चार कप्पे. स्वार त्याच्यावरच बसे. ठाणे आले की उडी मारायची, आच्छादन ओढून नव्या घोड्यावर टाकायचे आणि निघायचे. दोन मिनिटांत सारा कारभार. मार्च १८६१ मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हाचे त्यांचे भाषण या स्वारांनी सात दिवस सतरा तासांत पलीकडे पोचवले.

पण हे पत्र कुणाचे? अर्ध्या औंसाला, म्हणजे चौदा ग्रॅमला, सुरुवातीचा दर पाच डॉलर होता! गरिबाच्या आईने लेकाला लिहिलेले पत्र त्या थैलीत कुठून असणार? त्यात व्यापारी, बँका, वर्तमानपत्रे आणि सरकार यांचेच कागद जास्त. आणि तरीही धंदा तोट्यातच चालला. शेकडो घोडे, दोनशेच्या आसपास ठाणी, स्वार, राखणदार, दाणावैरण यांचा खर्च आणि वजनाला मात्र आठवड्याकाठी काही शेर कागद. हिशेब जुळणार कसा? ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्राची तार देशाच्या आरपार जोडली गेली आणि दोन दिवसांत पोनी एक्स्प्रेस बंद झाल्याचे जाहीर झाले. अवघे दीड वर्ष चाललेली ही सेवा. पण सिनेमांनी आणि कादंबऱ्यांनी तिची दंतकथा करून टाकली.

दंतकथेत एक गोष्ट नेहमी गाळली जाते. तो मुलूख निर्मनुष्य नव्हता. तिथे मूलनिवासी लोक राहत होते, ज्यांना सिनेमात ‘रेड इंडियन’ म्हणून आरोळ्या ठोकताना दाखवतात. घोड्यांना पाणी लागते, म्हणून टपालाची ठाणी नेमकी झऱ्यांवर उभी राहिली. वाळवंटात झरा म्हणजे जीव. पाण्यावर कुणी हक्क सांगून बसला म्हणजे काय होते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. नेवाडात मे १८६० मध्ये एका ठाण्यावरच्या गोऱ्यांनी पायूट जमातीच्या मुली पळवून डांबल्या आणि त्यातून युद्ध पेटले. ठाणी जळाली, टपाल काही आठवडे थांबले. ‘रानटी लोकांनी टपालावर हल्ला केला’ एवढेच पुढे छापले गेले. मुलींचे काय झाले, हे विचारायला फारसे कुणी थांबले नाही.

फक्त गोऱ्यांच्याच हाती

आता त्या कायद्याकडे येऊ.

१८०२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठरवले की देशाचे टपाल स्वतंत्र गोऱ्या माणसाखेरीज कुणीही नेता कामा नये. कृष्णवर्णीय गुलाम तर नाहीच, पण गुलामीतून सुटलेला, स्वतःच्या पायावर उभा असलेला कृष्णवर्णीयसुद्धा नाही.

असे का? टपालखात्याचे तेव्हाचे प्रमुख गिडियन ग्रेंजर यांनी त्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या सिनेटरला पत्र लिहून कारण कळवले होते. हे कारण वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. कृष्णवर्णीय माणूस चोरी करील, पत्रे हरवील, अशी त्यांची मुख्य भीती नव्हती. भीती उलटीच होती. टपाल न्यायला जो निवडला जाईल तो हुशारच असणार. तो रोज गावोगाव फिरणार, तऱ्हेतऱ्हेच्या माणसांत मिसळणार, चार गोष्टी ऐकणार. माणसाचा हक्क त्याच्या कातडीच्या रंगावर ठरत नाही, हे त्याला कळणार. मग तो आपल्या भाऊबंदांचा शिक्षक होणार आणि टपालाच्या रस्त्यानेच या गावचा निरोप त्या गावाला पोचवून बंडाची जुळवाजुळव करणार!

ही भीती हवेतली नव्हती. हैतीच्या बेटावर १७९१ पासून गुलामांनी उठाव केला होता. व्हर्जिनियात १८०० साली गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने बंडाचा बेत रचला होता. म्हणून रस्ताच बंद करा, म्हणजे ज्ञान बंद होईल, असा हा हिशेब.

आणि या कायद्याची गंमत पाहा. टपालाच्या थैल्या जड असतात. त्या गाडीतून उतरवून कचेरीत न्यायच्या तर मजूर लागणार. १८२८ साली टपालप्रमुख जॉन मॅक्लीन यांनी लिहून कळवले की थैल्या उचलायला कृष्णवर्णीय मजूर लावलाच, तर एका जबाबदार गोऱ्या माणसाने सतत त्याच्यावर नजर ठेवून उभे राहावे. म्हणजे ओझे तुझे, विश्वास आमचा! घाम तुझा, अधिकार आमचा! ही भाषा आपल्या ओळखीची वाटते ना?

हा कायदा थोडाथोडका नव्हे, साठाहून अधिक वर्षे टिकला. बटरफिल्डच्या गाड्या धावल्या, पोनी एक्स्प्रेसचे स्वार दौडले, तेव्हा तो लागूच होता. १८६२ साली सिनेटर चार्ल्स समनर यांनी तो रद्द करण्याचे विधेयक आणले. सिनेटने ते मंजूर केले, पण प्रतिनिधिगृहाने बाजूला ठेवले. यादवी युद्धात लाखो माणसे पडली आणि युद्ध संपत आले तेव्हा कुठे ३ मार्च १८६५ रोजी रंगावरून टपाल नाकारता येणार नाही, असा कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात गुलामगिरीही घटनेने संपली.

तीन चांदण्यांचा रस्ता

१८६९ साली आगगाडी देशाच्या आरपार गेली आणि लांब पल्ल्याच्या स्टेजकोचचे दिवस संपले. पण आगगाडी दारोदार जात नाही. स्टेशनापासून आडगावापर्यंत, खाणीपर्यंत, मठापर्यंत टपाल न्यायला घोडा आणि गाडी लागतच होती. अशा आडरस्त्यांना ‘स्टार रूट’ म्हणजे चांदण्यांचा रस्ता असे नाव होते.

या नावाची कथा मजेदार आहे. १८४५ च्या कायद्याने ठरवले की टपाल वेगाने, खात्रीने आणि सुरक्षितपणे नेण्याची जो हमी देईल आणि कमीत कमी पैसे मागेल, त्याला कंत्राट द्यावे; मग तो गाडीने नेवो की घोड्यावरून. खात्यातल्या कारकुनांना नोंदवहीत प्रत्येक वेळी ‘वेग, खात्री, सुरक्षितता’ हे तीन शब्द लिहायचा कंटाळा आला. त्यांनी तीन शब्दांऐवजी तीन चांदण्या काढायला सुरुवात केली. आयुष्य रजिस्टरे भरण्यात गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचताच हसू आले. कारकून कुठलाही असो, जात एकच!

मेरी फील्ड्स

१८९५ साली अशाच एका रस्त्याचे कंत्राट माँटाना राज्यातल्या कॅस्केड गावी एका कृष्णवर्णीय बाईला मिळाले. तिचे नाव मेरी फील्ड्स. वय साठीच्या पुढे. नक्की किती, हे सांगता येत नाही, कारण गुलामांच्या जन्माच्या नोंदी कोण ठेवतो? १८३२ च्या आसपास टेनेसी राज्यात ती गुलाम म्हणून जन्मली, असे मानतात. आपल्याकडेही आजीला जन्मसाल विचारले तर ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’ असे उत्तर येई, तशातलाच प्रकार.

गुलामगिरी संपल्यावर मेरीने नदीवरच्या बोटींवर काम केले. पुढे ओहायो राज्यात टोलिडो इथे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात ती कामाला लागली. तिथल्या मदर अमेडियस यांच्याशी तिचा जिव्हाळा जमला. या मदर १८८४ साली दूर माँटानात मूलनिवासी मुलींसाठी शाळा काढायला गेल्या आणि तिथे न्यूमोनियाने अंथरुणाला खिळल्या. हे कळताच मेरी शेकडो कोसांवरून तिकडे गेली आणि तिने शुश्रूषा करून त्यांना बरे केले. मग ती सेंट पीटर मिशनमध्येच राहिली. कपडे धुणे, कोंबड्या पाळणे, भाजीपाला लावणे, स्टेशनावरून गाडीतून सामान आणणे, सगळे ती करी. (अशा शाळांमध्ये मूलनिवासी मुलांची भाषा आणि चालीरीती तोडल्या गेल्या, हेही इथे नमूद केले पाहिजे. दया होती, तशी सक्तीही होती.)

मेरी धिप्पाड होती, तापट होती आणि कुणाचे ऐकून घेणारी नव्हती. तिच्या हाताखाली काम करायचे म्हणून कुरकुरणाऱ्या एका गड्याशी तिचे भांडण झाले आणि बंदुकी निघाल्या. १८९४ च्या सुमारास बिशपने तिला मिशनमधून बाहेर काढले. साठीतली एकटी बाई, नात्यागोत्याचे कुणी नाही, भोवती सगळी गोरी वस्ती. कॅस्केडमध्ये तिने खाणावळ काढली. पण उपाशी माणूस आला की पैसे असोत-नसोत, ती त्याला वाढी. खाणावळ बुडाली. व्यवहाराच्या दृष्टीने ही चूकच; पण असे दिवाळे काढायला मोठे काळीज लागते.

मग तिने टपालाच्या कंत्राटासाठी अर्ज केला. तीस वर्षांपूर्वी तिच्या रंगाच्या माणसाला थैली हातात धरायला कायद्याने बंदी होती. आता तीच थैली सरकारने कागदावर सही-शिक्क्यानिशी तिच्या हवाली केली. स्टार रूटवर टपाल नेणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

कॅस्केड ते सेंट पीटर मिशन हा तिचा रस्ता, म्हणजे जिथून तिला काढले त्याच मठाकडे जाणारा! उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात कमरेएवढे बर्फ. ती घोडे जुंपलेली गाडी हाकीत असे आणि जवळ बंदूक ठेवी. बर्फात गाडी रुतली की घोडे सोडायची, पायांना बर्फावर चालायचे जाळीदार जोडे बांधायची, थैल्या खांद्यावर टाकायची आणि पायी निघायची. एकदा लांडग्यांना भिऊन घोडे उधळले, गाडी उलटली आणि तिने रात्रभर एकटीने सामानाची राखण केली, अशी कथा माँटानात सांगतात. चार-चार वर्षांची दोन कंत्राटे तिने पुरी केली आणि १९०३ साली, सत्तरी गाठल्यावर, थैली खाली ठेवली. लोक तिला ‘स्टेजकोच मेरी’ म्हणू लागले.

मेरी चिरूट ओढी आणि गावातल्या गुत्त्यात पुरुषांच्या रांगेला बसून दारूही पिई. बायकांना तिथे मज्जाव झाला तेव्हा नगराध्यक्षाने तिच्यापुरती सूट दिली. पंचशीलाच्या कसोटीवर मेरीबाई पाचव्या शीलात नापास, हे आम्ही लपवीत नाही! पण तिच्या बागेतली फुले गावच्या बेसबॉल खेळाडूंच्या कोटावर लागत आणि गावातली गोरी मुले तिच्या अंगाखांद्यावर वाढली. १९१२ साली तिचे घर जळाले, तेव्हा गावकऱ्यांनी मिळून ते बांधून दिले.

त्याच काळात पुरुषांच्या या धंद्यात आणखी एक नाव गाजले होते. कॅलिफोर्नियात चार्ली पार्कहर्स्ट हा एका डोळ्याचा नामांकित स्टेजकोचवाला होता. १८७९ साली तो वारला, तेव्हा अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांना कळले की देह स्त्रीचा आहे! पार्कहर्स्ट यांच्या मनात काय होते, ते तेच जाणोत. पण एवढे खरे, की त्या काळी लगाम हाती मिळायचा तर पुरुष म्हणूनच मिळे. मेरीने मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रंगाने आणि बाई म्हणून तो मिळवला.

कायदा बदलला, मन बदलले का?

गोष्ट इथे संपवली असती तर सगळे गोड झाले असते. पण तसे करणे बरोबर नाही.

मेरी माँटानात टपाल नेत होती त्याच काळात, फेब्रुवारी १८९८ मध्ये, दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात लेक सिटी गावी फ्रेझर बेकर नावाचे कृष्णवर्णीय पोस्टमास्तर काम करीत होते. आमची पत्रे याच्या हातून घेणार नाही, म्हणून गोऱ्या जमावाने रात्री त्यांच्या घराला आग लावली. त्याच जागी पोस्टही होते. बेकर आणि त्यांची तान्ही मुलगी गोळ्यांनी ठार झाली, बायको आणि इतर मुलांपैकी काही जण जखमी झाले. खटल्यात कुणालाही शिक्षा झाली नाही. एकशे वीस वर्षे उलटल्यावर, २०१९ साली, त्या गावच्या पोस्टाला बेकर यांचे नाव दिले गेले.

कायदा १८६५ ला बदलला. मन ३३ वर्षांनंतरही तेच होते. खैरलांजी पाहिलेल्या समाजाला याहून अधिक काय सांगावे?

आपल्या खांद्यावरची थैली

आता आपल्या घराकडे वळू. महारकीची कामे आपल्या आजोबा-पणजोबांनी केली. त्यात एक काम सरकारी टपाल या गावाहून त्या गावाला पोचवण्याचे होते. कुणी मेले की मैतीचा सांगावा घेऊन उन्हापावसात धावायचे तेही महारानेच. रात्री-बेरात्री हाक आली की निघायचे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपत. मोबदला म्हणजे तुटपुंजे वतन आणि बलुत्याची भाकर.

पाहा, किती विपरीत! अमेरिकेत कायदा म्हणाला, तू थैलीला हात लावायचा नाहीस. इथे रूढी म्हणाली, थैली तूच न्यायची, पण आतला कागद तुला कधी वाचता येणार नाही याची आम्ही व्यवस्था करू. तिकडे रस्ता बंद केला, इकडे अक्षर बंद केले. हेतू एकच, की या माणसाला जगात काय चालले आहे ते कळता कामा नये.

क्रांतिबा जोतीराव फुले यांनी हे साम्य फार आधी ओळखले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना हीच वेठ मोडायची होती. कनिष्ठ गावकी वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली.

आणखी एक योग आम्हांला फार विचार करायला लावतो. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने टपालखात्यात गोरे आणि कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे बसवायला सुरुवात केली होती. आणि दूर माँटानात म्हातारी मेरी फील्ड्स तेव्हा हयात होती. ५ डिसेंबर १९१४ रोजी ती वारली. त्या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसणार. पण एकाच देशात, एकाच वेळी, गुलामीतून उठून टपालाची थैली मिळवलेली बाई आयुष्याचा शेवट गाठत होती आणि अस्पृश्यतेतून उठलेला विद्यार्थी ग्रंथालयात आपल्या समाजाच्या सुटकेचा अभ्यास करीत होता. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य बोलून दाखवले. तेही टपालानेच गेले!

बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशाने आपल्याकडे काय फरक पडला? ज्याचा आजा न वाचता येणारे टपाल घेऊन अनवाणी धावला, त्याचा नातू खाकी कपडे घालून, पगार आणि पेन्शन असलेला पोस्टमन झाला. गावच्या पाटलाला त्याच्या हातून पत्र घेऊन सही करावी लागली. ही साधी गोष्ट नाही, बंधूंनो. ती रक्त आटवून मिळालेली आहे.

म्हणून जाता जाता एक इशारा. मेरीला मिळाले ते कंत्राट होते, नोकरी नव्हती. कंत्राटदाराला पेन्शन नसते. त्यामुळे सत्तरी उलटल्यावरही तिला लोकांचे कपडे धुऊन पोट भरावे लागले. आज आपल्या शिकलेल्या मुलामुलींना कचेऱ्यांत, दवाखान्यांत, शाळांत अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेतले जाते आणि कंत्राटात आरक्षण गुपचूप विरघळून जाते. थैली खांद्यावर आली म्हणून समाधान मानू नका. कागदावर काय लिहिले आहे, तेही वाचा. आपल्या पूर्वजांना वाचता येत नव्हते, आपल्याला येते.

मुलांनो, आजोबांना एकदा विचारा, ‘तुमच्या वेळी गावात टपाल कोण नेत असे?’ जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. मेरीच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही. आपल्या घरची नोंद तरी आपण ठेवू या.

जयभीम!